नाडी आधी, गाव नंतर

रुग्ण दारातून आत आला की मी आधी त्याचं मनगट धरायचो, कपाळाला हात लावायचो. नाव-गाव नंतर. हाताखालच्या नव्या डॉक्टरांना याचं फार कौतुक. सरांची माया, म्हणायचे. माया कसली डोंबलाची! नातेवाइकांना माझं गाव अन् आडनाव विचारायला सवड मिळू नये, म्हणून ती घाई असायची. एकदा हात लागला की लागला.

दुसरं कारण माझा बाप. आमच्या घरानं धम्म स्वीकारला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बापाचं पोट धरलं म्हणून त्याला बैलगाडीत घालून अंबडला नेलं. डॉक्टर ओट्यावर, बाप खाली अंगणात. "कुठं दुखतंय तिथं बोट ठेव," डॉक्टर वरूनच म्हणाला. बापानं ठेवलं. तेवढ्यावर पुडी मिळाली आणि बाप चार दिवसांत गेला. पोटाला नुसता हात लावला असता तरी आतडं फुटल्याचं कळलं असतं, हे मला पुढं औरंगाबादला डॉक्टरकी शिकताना समजलं.

सत्तरच्या दशकात मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतो. एका दुपारी आष्टीकडची एक सून आणली. ज्वारी कापताना नाग चावलेला. आधी मारुतीच्या देवळात निजवून लिंबाचा पाला चारला होता. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, असा त्यांचा हिशोब. तो कडू लागेना, तेव्हा कुठं जीप शोधली. आली तेव्हा तिच्या पापण्या मिटलेल्या, श्वास बंद पडत चाललेला. मी लस चालू केली, पण लस काम करेपर्यंत श्वास कोणीतरी द्यायला हवा होता. दवाखान्यातला श्वासाचा फुगा फाटका. मी तिच्या तोंडावर जाळीचं कापड टाकलं आणि तोंडानं श्वास देऊ लागलो.

"साहेब, गाव कोन्तं तुमचं?" तिच्या सासऱ्यानं विचारलं. वेळ पाहा माणसाची! त्यांच्या शेजारचंच गाव होतं, आणि आमच्या वस्तीतलं पोरगं डॉक्टर झाल्याचं पंचक्रोशीत ठाऊक होतं. दोन श्वासांच्या मधे मी सांगून टाकलं.

"मंग तू त्या वस्तीतला का?" साहेबाचा तू व्हायला एवढंच पुरलं. "तोंडाला तोंड लावून राह्यला? सोड तिला! बिलकुल न्हाई चालायचं."

"सोडतो. मग मढं घेऊन जा," मी म्हणालो.

तो पुढं आला. तिच्या नवऱ्यानं त्याला धरून बाहेर नेलं, पण मग नवराही आत परत काही आला नाही. मी आणि कंपाउंडर आळीपाळीनं फुंकत राहिलो. दिवे लागले तेव्हा तिनं स्वतःचा श्वास घेतला. मी बाहेर जाऊन सांगितलं.

काही महिन्यांनी ती तापानं फणफणलेली, एकटीच एसटीनं आली.

"कशी आहेस बाई?"

"जित्ती हाय." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "घरात माझ्या हातचं पानी घेत न्हाई कोनी. चुलीपाशी येऊ देत न्हाईत. येगळं ताट हाय, अंगनात जेवते. तुमचे लई उपकार हायेत डॉक्टरसाहेब. पर तुमच्या लोकावानी गत झाली की हो माझी!"

टोमणा नव्हता तो. ती खरंच रडत होती. आमचं रोजचं जगणं ही तिच्या लेखी सगळ्यात वाईट शिक्षा होती, आणि आपण कुणापुढं बोलतोय हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. राग तिच्या सासऱ्याचा यायला हवा होता. पण समोर ती होती, म्हणून तिचा आला. मी तापाच्या गोळ्या तिच्या हातावर टाकल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.