खोक्यांची झाकणं

मंडळी, आपली बदलीवाल्यांची फिरती वही आज माझ्याकडे आली आहे आणि राग अजून ताजा आहे, म्हणून लगेच लिहिते.

भवानीपूरच्या आमच्या दीड खोलीत भिंतीला खिळा मारायला बंदी आहे. म्हणून चहाच्या ज्या सहा लाकडी खोक्यांतून बदलीचं सामान आलं, तीच आज सकाळी मी आडवी करून एकावर एक रचली आणि सुतळीने आवळली. भांड्यांना झकास मांडणी झाली.

दुपारी खालच्या घरमालकीणबाई वर आल्या. वाटी परत करायला म्हणे. ती वाटी महिनाभर त्यांच्याकडे होती, आजच बरी आठवली. त्यांनी खोक्यांना हात लावून पाहिला, मागे डोकावून विचारलं, "बौमा," म्हणजे सूनबाई, "यांची झाकणं कुठे आहेत?"

मला वाटलं, चुलीत घालायला हवी असतील. मी म्हटलं, "खाटेखाली जपून ठेवली आहेत."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. जिन्यात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "झाकणं ठेवली आहेत. म्हणजे जाणार ही माणसं." तेवढं बंगाली मला आता कळतं.

आमची खोली आतापासूनच दुसऱ्या कुणाला कबूल केली आहे की काय? मी हातोडी घेतली आणि झाकणं खोक्यांत मधल्या फळ्या म्हणून ठोकायला बसले, खाली नीट ऐकू जाईल अशी.

पाच ठोकली. सहावं हातात घेतलं आणि परत खाटेखाली सरकवलं.

तुमच्यापैकी कुणी सगळी झाकणं टाकून दिली आहेत का? खरं लिहा.