आल्हादसारखं लिहायचं नाही

प्रणोती कुत्र्यांवर लिहिते. म्हाताऱ्या कुत्र्यांवर. त्यांचे सांधे, दात, कमी होत जाणारी नजर. कॅनडातली एक कंपनी कुत्र्यांचं खाणं विकते, तिच्या साइटवर हे लेख इंग्रजीत येतात. प्रणोतीच्या घरी कुत्रा नाही, आईला चालत नाही. रांझी या त्यांच्या वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा कुत्रा पडलेला असतो. ती त्यालाच बघते.

आम्ही मैत्रिणी. मी साहित्य शिकले, तिने कॉमर्स केलं. पण आमच्या दोघींत लेखक तीच. तिच्या लेखात सल्ला नसतो. आधी कुत्रा दिसतो, मग त्याचं दुखणं.

लेखाखाली नाव मात्र आल्हादचं असायचं. आल्हाद तिचा मोठा भाऊ. ऑनलाइन लिखाणाची कामं मिळतात अशा एका साइटवर त्याने कॉलेजात असताना खातं उघडलं. फोटो त्याचा, पॅनकार्ड त्याचं, बँक त्याची. बरेच अर्ज टाकल्यावर एकदाचा कुणीतरी नमुना मागितला, तर त्याला तो लिहिता येईना. प्रणोतीने लिहून दिला. तेव्हापासून तीच लिहीत राहिली आणि आल्हाद सरकारी परीक्षांच्या कोचिंगला जात राहिला.

स्वतःचं खातं उघड, असं मी तिला सुचवलं होतं. ती म्हणाली, नवीन माणसाला कुणी विचारत नाही, सगळे आधी जुन्या कामांवरचे शेरे बघतात. शेरे आल्हादच्या नावावर होते. कंपनीची संपादक हेलन त्याला लिहायची, तुमच्या हाताला कुत्र्यांची माया आहे. प्रणोती त्याच्या वतीने आभार मानायची. कामं मिळण्याच्या त्या साइटवर आडनावं दिसत नाहीत. हेलनसाठी तो नुसता आल्हाद होता.

यंदा आल्हादची संरक्षण खात्याच्या कारखान्यात निवड झाली. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जलेबी आली. मीही होते. खाता खाताच त्याने सांगितलं, की ते लिखाणाचं खातं सकाळी बंद करून टाकलं. सरकारी नोकरीत बाहेरचं काम चालत नाही, आणि पोलीस व्हेरिफिकेशन अजून व्हायचं होतं.

"एकदा विचारायचं तरी," प्रणोती म्हणाली.

"अगं, काहून टेन्शन घेऊन राहिली? तुझ्या नावाने उघड ना नवीन. लिहिता तर तुलाच येतं."

तो वाईट माणूस नाही. नवीन खातं त्यानेच शेजारी बसून उघडून दिलं. तिचा फोटोही चांगला काढला.

त्या खात्याकडे कुणी फिरकलं नाही. प्रणोती रोज अर्ज टाकायची. पूर्वी काय लिहिलंय, या रकान्यात भरायला तिच्याकडे काही नव्हतं. आता ती मोकळीच आहे म्हणून घरात स्थळांचा विषय निघाला. दिवसभर कामं बघून राहिली त्यापेक्षा मुलं बघ, असं आई हसत हसत म्हणायची.

मग हेलनची जाहिरात आली. आमचे लेखक अचानक निघून गेले, नवा लेखक हवा. प्रणोतीने स्वतःच्याच रिकाम्या जागेसाठी अर्ज केला. जुना लेख पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून नवा लिहिला, बहिऱ्या झालेल्या कुत्र्यावर. मी वाचला. तिने इतकं चांगलं आधी कधी लिहिलं नव्हतं.

हेलनचं उत्तर तिने मला दाखवलं. ही आल्हादची नक्कल आहे, असं त्यात होतं. वाक्यं त्याची, थांबण्याच्या जागासुद्धा त्याच्या. दुसऱ्याची शैली अशी उचलणं बरं नाही. पण मेहनत दिसते. चूक कबूल केली आणि यापुढे आल्हादसारखं लिहायचं नाही असं मान्य केलं, तर काम देता येईल. उत्तर आजच हवं होतं.

मी म्हटलं, खरं सांगून टाक.

खरं सांगितलं तर एकाच्या खात्यावर दुसऱ्याने काम केलं म्हणून साइट प्रणोतीलाही काढून टाकणार. आणि तक्रार झालीच तर ती आल्हादच्या नावाने होणार. आई समोरच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्याचं जॉइनिंग होऊ दे, बेटा. मग सांग काय सांगायचं ते."

प्रणोतीने मोबाइल माझ्या हातातून घेतला. मी आल्हाद यांचे लेख वाचून शिकले, तिने लिहिलं. नकळत त्यांच्यासारखं झालं. क्षमा करा. मी शेजारी बसून ते टाइप होताना पाहिलं.

काम मिळालं. लेखाखाली आता तिचंच नाव येतं.

परवा मी गेले तेव्हा ती लिहीत होती. एक वाक्य लिहायची, वाचायची, पुसायची. स्क्रीनवर त्या वेळी होतं, की बेल वाजली तरी म्हातारा कुत्रा उठत नाही, पडल्या पडल्या एकदाच शेपटी आपटतो. मी म्हटलं, हे राहू दे, छान आहे.

"छान आहे तेच तर," ती म्हणाली. "हे आल्हादचं आहे."

तिने ते पुसलं. मग मथळा टाकला, म्हाताऱ्या कुत्र्याची काळजी घेण्याचे सोपे उपाय, आणि त्याखाली पहिल्या उपायाचा आकडा.