बाळाचा खिसा

टेलरताईकडे शिवायला टाकलेला कपडा उशिरा मिळायचा, पण मापात चुकायचा नाही. गिऱ्हाईक दारात आलं की टेप हातात घ्यायच्या आधीच तिच्या नजरेनं माप घेतलेलं असायचं. कुणाचा एक खांदा उतरता असेल, कुणाची पाठ पुढे आली असेल, तर ती कापड असं बेतायची की अंगातलं व्यंग अंगावर दिसू नये. "खोट माणसात चालते, शिलाईत नाही," असं म्हणायची, आणि शिलाईवरून घासाघीस करणाऱ्याला ऐकवायची, "खांदा सरळ करून दिला, तो फुकट समजा."

हीच सगळी हुशारी तिनं आपल्या लेकीवर ओतली होती. लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. जन्माच्या वेळी झालेल्या त्रासामुळे तिचा डावा हात दुबळा राहिला होता. कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली. तिच्यासाठी दुकानातला तयार फ्रॉक कधी आलाच नाही. सगळे आईच्या हातचे. त्यांना बटण नाही, हूक नाही, आणि डावी बाही उशीच्या अभ्र्यासारखी सैल, म्हणजे हात आपसूक आत जावा. शिवाय प्रत्येक फ्रॉकला डाव्या कमरेशी मऊ अस्तराचा एक खिसा. त्या खिशात तो हात ठेवायचा.

भिंगरी बोलायला लागली तेव्हा एकदा तिनं विचारलं होतं, हा हात का खेळत नाही? टेलरताईच्या तोंडात सुया होत्या. त्या काढता काढता ती बोलून गेली, "ते बाळ आहे. झोपलंय."

झालं, त्या दिवसापासून हाताचं नाव बाळ पडलं. बाळाला थंडी वाजायची, बाळाला गाणं लागायचं. बाळ खिशात निजलं की भिंगरी उजव्या हातानं घर डोक्यावर घ्यायची. कुणी पाहुणा हाताकडे टक लावून बघायला लागला, तर तीच ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करायची. टेलरताईला तेव्हा वाटायचं, आपण पोरीचं दुःख असं शिवून टाकलंय की टाकाही दिसत नाही.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी थेरपीला पाठवलं. तिथल्या बाईंना भिंगरीनं खेळबाई करून टाकलं, कारण त्यांच्या खोलीत खुर्च्या कमी आणि खेळणी जास्त होती. जमिनीवर गाद्या, एका भिंतीला भलामोठा आरसा. खेळबाईंनी आधी हात बघितला, मग फ्रॉक बघितला. आतून-बाहेरून बघितला आणि शिलाईचं तोंडभर कौतुक केलं. टेलरताई खुलली. मग बाईंनी त्या खिशात दोन बोटं घातली आणि विचारलं, "ताई, हा कशासाठी?"

तिनं सांगितलं. बाळाची गोष्टही सांगितली, हसत हसत.

खेळबाई हसल्या नाहीत. "हा हात झोपलेला नव्हता हो," त्या म्हणाल्या. "त्याला कधी कुणी काम सांगितलंच नाही."

त्यात ओरडणं नव्हतं, बोल लावणं नव्हतं. पण टेलरताई नंतर नवऱ्याला सांगताना म्हणाली की, त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

उपाय असा होता. चांगला हात बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टरमध्ये घालायचा, तीन आठवडे. जेवण, खेळणं, कपडे घालणं, सगळं डाव्या हातानं. रोज सकाळभर खेळबाईंकडे आणि उरलेला दिवस घरी तेच. कुणीही मदत करायची नाही, आईनं तर नाहीच. धरणं आधी जमेल, बाई म्हणाल्या, सोडणं उशिरा. मिटलेली मूठ आपणहून उघडणं हेच खरं काम. या वयात हात शिकला तर शिकला. मागाहून वाट अवघड.

प्लास्टर घालायच्या आदल्या दुपारी टेलरताईनं दुकानाचं दार ओढून घेतलं. सगळे फ्रॉक काढले, सैल बाह्या उसवून मापात आणल्या, पुढे मोठी बटणं लावली आणि एकेक खिसा तोंडाशी शिवून बंद केला. दुहेरी टाक्यानं, म्हणजे आपल्यालाच उसवायचा मोह नको.

दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला पांढरं ओझं घेऊन भिंगरी घरी आली. रडून थकली होती. सवयीनं तिनं डावा हात अंग वाकवून खिशापाशी नेला. तिथं नुसती शिवण. तिनं मूठ दोनदा घासून पाहिली.

"आई, दार लागलंय."

"खिसा बंद केलाय, राणी. आता बाळानं उठायचं."

"मग बाळ कुठे झोपणार?"

टेलरताईनं कात्री उचलून खणात ठेवली.

पहिले दिवस फार वाईट गेले. घास तोंडापेक्षा मांडीवर जास्त. पाण्याचा पेला उपडा. एका बटणापुढे भिंगरी अर्धा-अर्धा तास बसायची, मग बटण न लावता तशीच कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकायची. टेलरताई समोर बसून असायची, स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून. तिचा नवरा घरं रंगवायचा. तो कामावरून यायचा, पोरीचं तोंड बघायचा आणि पुन्हा बाहेर जाऊन उभा राहायचा. एकदा तो तिला गुपचूप बिस्किट भरवताना सापडला. टेलरताईनं बिस्किट काढून घेतलं, ताटलीत ठेवलं आणि ताटली डाव्या हातापाशी सरकवली.

"चांगला हात बांधून ठेवलास, खिसे शिवलेस," तो म्हणाला. "आता माझं तोंड तेवढं राहिलंय, तेही शिव."

"शिवलं असतं. पण तुमच्या मापाचा दोरा नाही माझ्याकडे."

भिंगरी हसली नाही. एरवी आईबाबांचं असं जुंपलं की ती टाळी मागायची. बिस्किटाकडे बघत ती बापाला म्हणाली, "बाबा, तिला सांग ना, बाळ रडतंय." तिला. आई समोर असून.

तिथून पुढे ती आईशी बापामार्फतच बोलायला लागली. केस बाबानं विंचरायचे, गोष्ट बाबानं सांगायची, झोपताना बाबाच्या कुशीत. रंगारी बिचारा कानकोंडा व्हायचा. अगं, आईलाच विचार, म्हणायचा. ती मान हलवायची.

आणि इकडे हात उठत होता. आधी कापडाची चिंधी धरली, मग चमचा, मग दाराची कडी. खेळबाईंच्या आवाजातूनच कळायचं की गाडी रुळावर आहे. फक्त मूठ उघडत नव्हती. घरी सरावासाठी टेलरताईनं कोटाची मोठी बटणं आणि एक पत्र्याचा डबा काढून दिला होता. बटण उचलायचं, डब्यात सोडायचं. उचलणं जमायचं. मग डब्यावर मूठ तशीच घट्ट, पोरीच्या कपाळावर घाम. आणि आई श्वास रोखून बघत असायची.

प्लास्टर निघायच्या दिवशी खेळबाईंनी हाच खेळ मांडला. भिंगरीनं बटण उचललं, हात डब्यावर नेला. मूठ मिटलेली. मग तिनं आरशात पाहिलं. आरशात मागे बसलेली आई दिसत होती, पुढे झुकलेली, ओठ दाताखाली.

कितीतरी दिवसांनी ती आईशी सरळ बोलली. "तू नको बघू."

टेलरताईनं खेळबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. तिनं उठून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला फिकट हिरवा रंग होता आणि कोपऱ्यात पोपडा सुटला होता. तेवढं तिच्या लक्षात राहिलं. मागे डब्यात टण् झालं. खेळबाई काहीतरी म्हणाल्या, रंगारी हुंदका देऊन हसला. ती वळली तोवर बटण डब्यात पडलेलं होतं, आणि बाळ पोटाशी गेलं होतं, मूठ मिटून.

"पुन्हा कर ना, राणी. आईला दाखव."

"ते तुला घाबरतं," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आहे ते सांगत होती.

निघताना खेळबाईंनी टेलरताईला जिन्यात गाठलं. मुलं विसरतात, ताई, म्हणाल्या, थोडा वेळ द्या. सराव मात्र सोडू नका, चांगला हात मोकळा झाला की हा पुन्हा आळसेल. टेलरताईनं मान डोलावली. विसरण्याचं माप काय असतं, हे तिनं विचारलं नाही.

आता दुपारी दुकानात ती यंत्रावर बसते आणि तिच्या पाठीमागे, कापडाच्या गठ्ठ्यावर, भिंगरी डबा घेऊन बसते. बसते हेच पुष्कळ. तोंड समोर ठेवायचं, असा करार आहे. पहिल्या दिवशी टेलरताईनं कान देता यावा म्हणून यंत्र थांबवलं, तर मागून लगेच आवाज आला, "मशीन चालू ठेव."

तिला कळलं. बघायचं नाही, तसं ऐकायचंही नाही.

तिनं मशीनचं पायडल दाबलं. सुईतला दोरा काढून ठेवला होता, खाली कापडही नव्हतं. रिकामी सुई वरखाली होत राहिली. पाठ ताठ ठेवून ती यंत्र चालवत राहिली, जितक्या हळू चालवता येईल तितक्या हळू, आणि त्या खडखडीतून डब्याचा आवाज शोधत राहिली.