हिराबाईंच्या हातातले वीस गुण

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या वर्गावर होतो. खडू ठेवला आणि मुलांसमोरच रडलो. जाधव सरांसाठी रडायला लाज कसली?... त्यांनीच मला उल्हासनगरच्या कॉलेजात एफ.वाय.ला अर्थशास्त्र शिकवलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. प्रकल्पाला वीस गुण होते. आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प एक वस्तीतली चार टाळकी बदलापूरजवळच्या एका पाड्यावर स्वच्छतेचं महत्त्व सांगायला गेलो. रंगीत तक्ते, साबणाच्या वड्या, सगळा थाट! हिराबाई नावाच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हात धुवाला पानी तुमी आनलाव का?" पाड्याच्या कडेनं कारखान्यांची जाडजूड पाइपलाइन जात होती, नळ मात्र एकही नव्हता. आम्ही त्याच पाइपवर बसून डबे खाल्ले होते.

मी झकास अहवाल लिहिला. सरांनी तो उघडलासुद्धा नाही. "गुण हिराबाई देतील," म्हणाले. हिराबाईंनी चौघांनाही शून्य दिलं. मी भडकलो, "सर, त्यांना सहीसुद्धा येत नाही!"

"आणि तुला नदीवरून हंडा आणता येतो?" सरांनी विचारलं.

मग आमचे सगळे रविवार पाड्यावर गेले. हंडे वाहून माना मोडल्या. त्या पाइपातलं पाणी कुणाला मिळतं, कुणाच्या हुकमानं मिळतं, ते शोधलं. अर्ज बायकांनी सांगितला, आम्ही लिहून घेतला. मी 'शुद्ध' केलेली वाक्यं सरांनी खोडून बायकांचीच परत घातली. पाण्याच्या कचेरीनं तो तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन साहेबांसमोर बसल्या. साहेब सरांशी बोलायला लागले, तर सर म्हणाले, "मी नुसता सोबत आलोय. यांच्याशी बोला."

आणि नळ आला! पाडाभर नुसता कल्ला. हिराबाईंनी आम्हाला अठरा गुण दिले.

"दोन कुठं गेले?"

"साबनाचं कापलं," त्या म्हणाल्या.

पुढे दरवर्षी, सर निवृत्त झाल्यावरही, कॉलेजची मुलं त्यांच्याबरोबर पाड्यावर जात राहिली आणि गुण तिथल्या बायकाच देत राहिल्या.

परवा विठ्ठलवाडीला सरांच्या घरी जाऊन काकूंना भेटलो. त्यांनी कपाटातली गुणपत्रकं माझ्यासमोर ठेवली. आमच्या वर्षाचं पान काढलं आणि थबकलो... यादीत आमच्याही वर पहिलं नाव सरांचं होतं. त्यापुढे शून्य, आणि शेजारी हिराबाईंचा अंगठा. पाड्यावर कुणाला काही न विचारता आम्हाला तिथं पाठवणारे तेच होते ना! गेल्या वर्षीच्या पानावर सरांच्या नावापुढे वीस होते.

काकूंनी यंदाचं कोरं पान माझ्या हातात दिलं. मी तिथंच पेन काढलं आणि सगळ्यात वर माझं नाव लिहिलं.