नांदेड, लातूर की निलंगा: आत्याच्या पुरस्काराचा प्रवास

गंगाआत्याला संगीताचा पुरस्कार मिळणार असा फोन आला आणि आम्ही दोघी नांदेडहून लातूरला निघालो. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शिवभजनं गायली, पण अंगावर शाल कधी पडली नव्हती. हा पुरस्कार सोहळा दरवर्षी गाव बदलतो. पहिला नांदेडलाच झाला, आपण त्यात गायलो होतो, असं आत्या छातीठोकपणे सांगते.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. लोह्याला चहा पिताना आमच्याच गाडीतल्या लातूरच्या एका कापड दुकानदारानं आत्याचं बोलणं ऐकलं.

"मावशी, पहिला सोहळा लातूरला झाला. सतरंज्या म्याच अंथरल्या होत्या."

"मंग म्या गायले ते काय कुणाच्या लग्नात?" आत्या तडकली.

अहमदपूर आलं तरी दोघं भांडतच होती. खरं कुणाचं, मला काही कळेना.

लातूरला गंजगोलाई बाजारपेठेच्या मागचं सभागृह सापडलं, पण आत हळदीचा कार्यक्रम चालू होता. दारावरचा माणूस म्हणाला, "गाण्याचं ना? ते निलंग्याला हलवलं की. तुम्हाला सांगितलं न्हाई का?"

नव्हतं सांगितलं. आयोजकांचा फोन लागेना. आत्या पायरीवर बसली. मला वाटलं, आता परत चल म्हणेल.

"निलंगा किती लांब हाय?" तिनं विचारलं.

औशावरून गेलो. निलंग्यात पोचल्यावर तिथला निलंगा राईस जरूर खा, झणझणीत असतो. आत्यानं मात्र गळ्याच्या काळजीनं घासही घेतला नाही. पहिला सोहळा उदगीरला झाला, असं हॉटेलवाल्यानं सांगितल्यावर मी तो विषयच सोडला.

सभागृहात शिरतो तोच नाव पुकारलं, "गंगाबाई!" आत्या पदर सारखा करून निघाली. पहिल्या रांगेतून आणखी एक बाई उठली. शिरूर अनंतपाळच्या गंगाबाई. त्याही भजनं गाणाऱ्या. दोघी मंचावर समोरासमोर आल्या आणि शाल धरलेले आयोजक एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघू लागले.

"आम्ही तर एकाच गंगाबाईंना बोलावलं होतं."

"कुणाला?" मी खालून विचारलं.

"तेच आठवून राहिलो."

"ताई, तुम्हीच घ्या," शिरूरच्या गंगाबाई म्हणाल्या.

"तुला बी फोन आला ना?"

"हाव."

"मंग आधी गाऊ. शालीचं ह्यांना बघू दे."

दोघींनी एकच भजन धरलं, पण चाली वेगळ्या. पहिल्या ओळीला आवाज एकमेकांवर आदळले. लोक हसले. मग आत्यानं आपली चाल सोडून तिची उचलली, तर तिनं आत्याची उचललेली. पुन्हा गोंधळ. पुढं कुठंतरी दोघी एका सुरात आल्या. कुणी कुणाची चाल घेतली मला सांगता येणार नाही, पण अंगावर काटा आला. मघाशी हसणारे आता ताल धरत होते.

शेवटी शाल आयोजकांच्या जवळ उभ्या असलेल्या शिरूरच्या गंगाबाईंच्या खांद्यावर पडली. आत्यानं टाळ्या वाजवल्या.

परतीच्या गाडीत मी धुमसत होते. खिडकीबाहेर बघत आत्या हळूच म्हणाली, "बोलावलं कुणाला असंल गं?"

घरी आल्यावर मी आयोजकांना फोन केला. आधी ते म्हणाले दोघींना, मग म्हणाले विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. सोहळा कुठं सुरू झाला हे मला माहीत नाही, पुरस्कार कुणाचा होता तेही नाही. कानात ते भजन मात्र आहे, आणि ते नेमकं कुठल्या चालीतलं, तेही उमगत नाही.

शेजारच्या वहिनींनी दारातच विचारलं, "मिळाला का पुरस्कार?"

"नाही," मी म्हणाले.

"हाव," त्याच क्षणी आत्या म्हणाली.

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या आणि मी आत्याकडं.