हळदीच्या डब्यातला किल्ला

"माताजी, पोते के लिए बनवा रही हो?" दुकानदाराने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

भिलाईत सुपेल्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची दुकानं एकाला एक खेटून आहेत. त्यांतल्या एका दुकानात मी एक छोटा स्क्रीन मागत होते, गाडी मागे घेताना मागचं दिसावं म्हणून लावतात तो. सोबत पॉवर बँकेतली बॅटरी आणि व्होल्ट वाढवायची बोटाएवढी पट्टी. गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली, आणि मागते काय तर हे! म्हणजे घरी नातू असणारच, असा त्या माणसाचा अंदाज. मला नात आहे, आणि तिला अजून दात यायचे आहेत. ती बटणं चघळेल, दाबणार नाही.

"माझ्यासाठी पाहिजे," मी म्हटलं. "और बनवा नहीं रही, खुद बना रही हूँ."

तो हसला. मग पिवळी वायर कुठे जोडायची ते मला समजावू लागला. अरे बाबा, पिवळी वायर चित्राची आणि पांढरी आवाजाची, हे मला तुला मिशा फुटायच्या आधीपासून माहीत आहे. माहीत असून मी काय दिवे लावले, ते पुढे येईलच.

मी बनवत होते तो जुना व्हिडिओ गेम, टीव्हीला जोडायचा. तोच कापून-जोडून मला हातात मावेल असा करायचा होता. तो घरात आला तेव्हा छत्तीसगड राज्य नवं नवं होतं आणि आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आणला होता लेकीसाठी. कॅसेटवर लिहिलेलं हजारो गेम, आत तेच ते चार फिरून फिरून. लेक लवकरच कंटाळली. मी नाही कंटाळले. त्यात एक भालेवाला बुटका होता, एकामागून एक किल्ले चढत जायचा. शेवटच्या किल्ल्यात काय आहे ते मला कळलंच नाही, कारण त्या यंत्रात आपण कुठवर आलो ते राखून ठेवायची सोय नव्हती. बंद केलं की बुटका परत पहिल्या किल्ल्याच्या दारात उभा.

आणि बंद तर व्हायचंच. नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये. त्याची शिफ्ट फिरती. नाइटचा हप्ता असला की सकाळी घरी यायचा, जेवायचा आणि टीव्हीच्याच खोलीत आडवा व्हायचा, कारण कूलर त्याच खोलीत. त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसून मी आवाज पार शून्यावर आणून बुटक्याला चढवायची. दुपारी कधीतरी मागून हात यायचा, रिमोटवर पडायचा. "बातम्या लाव वो." संपला किल्ला. एकदा तर शेवटच्या किल्ल्याचं दार दिसत होतं. दार! तेव्हाही बातम्याच लागल्या. उठले आणि चहा टाकला.

तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, आज मी भेटले असते तर तिच्या हातातलं पातेलं हिसकून घेतलं असतं.

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत एक रीत होती. ज्या घरचा माणूस नाइट करून झोपलेला, त्या घराच्या खिडकीला काळं कांबळं टांगायचं. आत अंधार व्हावा म्हणून, आणि बाहेरच्यांनाही समजावं म्हणून. कांबळं दिसलं की भाजीवाला ओरडायचा थांबे. दारापर्यंत येऊन चोरासारखा कुजबुजे, "बाई, भेंडी?" पोरं चेंडू घेऊन दुसऱ्या लाइनीत जात. आज या घराला कांबळं, उद्या त्या घराला. अख्खी लाइन वर्षानुवर्षं कुजबुजत जगली, आणि आम्हाला वाटे, हाच चांगुलपणा. भट्टीपुढे रात्र काढून आलेल्या माणसाला झोप हवी, हे मला कळत नाही असं नाही. त्याची झोप खरीच होती. पण झोपायचा एक जण आणि मुकी व्हायची अख्खी लाइन, हा कुठला न्याय? पांघरायचं कांबळं आमच्या तोंडावर टांगलं, आणि टांगलं ते आम्हीच.

सगळ्यांत चोख मी. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांतलं, म्हणजे भाताच्या खाचरांतलं. तिथे या बांधीवरून त्या बांधीवर हाक मारूनच बोलतात. जेवायला बोलावलं तरी भांडण चाललंय असं वाटावं. अशा घरातली पोर इथे आली आणि काय झाली बघा. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात शिजवायची. पायातली जोडवी वाजतात म्हणून त्यांना दोरा गुंडाळायची. शिंक आली तर मोरीत पळायची, पदर तोंडात कोंबून, आणि एकदा धावता धावता बादलीवर आदळून असा आवाज केला की शिंकच बरी होती. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरात तं कोणी राहते असं वाटतच नाही!" आणि ही येडी त्या वाक्याने फुलून जायची. हळदीकुंकवाला गेली की दुसऱ्या बायकांना सांगायची. घरात कोणी राहत नाही असं वाटणं, ही आमची शाबासकी!

असो. नवरा रिटायर झाला, क्वार्टर सोडलं, कॅम्प-1 या वस्तीत दोन खोल्यांचं घर घेतलं. माणूस रिटायर झाला, झोप नाही झाली. अजूनही सकाळी न्याहारी झाली की आडवा, दुपारपर्यंत. कोणी विचारलं तर म्हणतो, "शरीराले सवय आहे." टीव्ही त्याच्या पायथ्याशी. रिमोट उशीखाली. लेक सासरी रायपूरला. यंदा माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली पडला, आणि मी ठरवलं: कोणाच्या टीव्हीची गरज नाही, कोणाचा हात मागून येणार नाही, असा गेम मी करणार, आणि शेवटचा किल्ला बघूनच मरणार. मरायची घाई नाही, पण किल्ल्याची आहे.

डाग देणं मला येत होतं. लेकीच्या कंट्रोलरची वायर सारखी तुटायची, तेव्हापासून सोल्डरिंगची कांडी घरात आहे. बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. त्या व्हिडिओतली पोरं म्हणतात, बहुत आसान है, आणि पुढचं पाऊल गाळून टाकतात. पहिल्याच दिवशी टेबलावरचं प्लास्टिक जाळलं. पहिल्यांदा डबा घेतला तो स्टीलचा. भिलाईची बाई, दुसरं काय घेणार! गेममधल्या सर्किट बोर्डाचे पाय डब्याला टेकले, ठिणगी उडाली, बॅटरी तापली. मग हळदीचा चौकोनी प्लास्टिकचा डबा रिकामा केला. मधोमध स्क्रीनची खिडकी कापली. कंट्रोलरचे करवतीने दोन तुकडे केले, चढउताराची बटणं डावीकडे, उडीचं आणि भाल्याचं उजवीकडे. कॅसेट मागून बाहेर आलेली, कुबड आल्यासारखी. कितीही धुतला तरी डबा हळदीचा तो हळदीचाच. खेळलं की बोटं पिवळी.

नवरा दारातून बघून जायचा. "काय करून राहिली वो तू? या वयात?"

"तुमचं झोपणं ज्या वयात चालते, त्याच वयात."

"झटका लागन."

"लागला तं ओरडणार नाही, झोपा."

ज्या दिवशी डबा चालला, त्या दिवशी बुटका माझ्या हातात उभा राहिला, बोटाच्या पेराएवढा. रविवारी लेक आली, कडेवर सहा-सात महिन्यांची नात. मी ऐटीत डबा तिच्या हातात दिला. तिने बटण दाबलं, बुटक्याने उडी मारली. ती डबा कानाला लावून बसली.

"आई, याचा आवाज कुठी आहे?"

"आवाज कशाले पाहिजे?"

"गेम आहे ना, आई. म्युझिक असते त्याले. स्पीकर नाही लावला का?"

मी डबा उघडला. पांढरी वायर होती. मीच ती बारीक कापली होती, टोकाला काळी टेप गुंडाळून कोपऱ्यात व्यवस्थित दाबून ठेवली होती. इतकी व्यवस्थित की दुकानदारानेही वा म्हटलं असतं. डब्याला स्पीकरसाठी एक भोक पाडलेलं नव्हतं. विसरले म्हणावं तर तसंही नाही, कारण विसरायला आधी आठवावं लागतं. मला तर सुचलंच नव्हतं की त्या बुटक्याला आवाज आहे. इतकी वर्षं खेळले आणि तो गेम मी कधी ऐकलाच नव्हता.

लेक हसायला लागली, पण तीही कशी, तोंडावर हात ठेवून. तेवढ्यात नातीने डब्यावर थाप मारली आणि छान ओरडली, माझ्या माहेरच्यासारखी, या बांधीवरून त्या बांधीवर जाईल अशी. आणि लेकीने काय करावं? पटकन तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "श्श! नाना सो रहे हैं."

पोर गप्प झाली. सहा-सात महिन्यांची पोर, एका बोटाने गप्प.

मला भयंकर राग आला. त्या बोटाचा राग, कारण ते बोट मीच तिला शिकवलं होतं. याच लेकीला ऑफिसात साहेब म्हणतो, मॅडम थोडा ज़ोर से बोलिए, आणि ती घरी येऊन रडते. खाटेवरच्या त्या माणसाचा राग, ज्याची नाइट कधीची संपली आणि ज्याने हे कुणाला सांगितलंच नाही. आणि त्या कांबळं टांगणाऱ्या, जोडव्यांना दोरा बांधणाऱ्या, कोणी राहत नाही म्हटलं की फुलणाऱ्या बाईचा राग. तिने स्वतःच्या आवाजाची वायर कापली होती आणि वर टेपही लावली होती, कुणाला टोचू नये म्हणून!

"पोरीच्या तोंडावरचं बोट काढ," मी म्हटलं.

"आई, बाबा उठतीन ना."

"उठू दे! दिवस आहे."

हे मी मोठ्याने म्हटलं. लेकीने बोट काढलं.

माळ्यावर जुना रेडिओ होता. त्याचा स्पीकर काढला, डब्यात मावेना, म्हणून डब्याच्या पाठीवर कॅसेटच्या बाजूला चिकटवला. त्याला आवाज पुरेना, म्हणून आवाज वाढवायची एक छोटी पट्टी सुपेल्याहून आणली. दुकानदाराने या वेळी एवढंच विचारलं, "वॉल्यूम का नॉब भी दूँ?"

"नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाली, नवरा आडवा झाला. मी त्याच्याच खोलीत खुर्ची घेतली आणि डबा चालू केला. पहिला आवाज आला तेव्हा मी स्वतःच दचकले. बुटका उडी मारतो तेव्हा पोर जीभ टाळूला लावून वाजवते तसा टॉक आवाज होतो. भाला लागला की टिनावर खडा पडल्यासारखा. आणि त्या सगळ्याखाली एक गाणं, सारखं फिरून फिरून येणारं.

खाट करकरली. "कायचा आवाज येऊन राहिला वो?"

"गेमचा."

"कमी कर ना थोडा."

"कमी करायचं बटनच नाही याले."

"मंग बंद कर."

"किल्ला झाला की."

तो उठून बसला. माझ्याकडे, डब्याकडे, माझ्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. हात पुढे आला. सवयीचा हात, रिमोटवर यायचा तोच. मी डबा छातीशी धरला, पण थांबवला नाही. बुटका तसाच वाजत राहिला. हात तिथेच थांबला. मग त्याने उशी उचलली, पुटपुटत समोरच्या खोलीत गेला आणि तिथल्या बाकावर पडला. तिथेही ऐकू जातं. मी तपासलं होतं.

शेवटचा किल्ला त्या दिवशी नाही झाला, पण त्याच हप्त्यात झाला, त्याच खोलीत, तशाच भर सकाळी. दार उघडलं. आत राणी नव्हती, खजिना नव्हता. एक झेंडा होता, आणि एक धून वाजली. सांगते कशी होती: कुल्फीवाल्याच्या गाडीवर वाजते तशी, अर्धी बेसूर, आणि मध्येच तुटणारी. एवढ्यासाठी! मी डबा आपटायलाच उचलला होता. मग वाटलं, ती भिकार आहे हे मला ठरवायला मिळायला हवं होतं, तेव्हाच, त्या खाटेच्या पायथ्याशी. ऐकून नाक मुरडायचा हक्क होता माझा.

बुटका परत पहिल्या किल्ल्याच्या दारात आला. बाहेरच्या खोलीतून ओरडा आला, "झालं का वो आता?"

मी इतक्या मोठ्याने "नाही" म्हटलं की इथली शेजारीण दारात येऊन विचारून गेली, घरी कोण आलंय.