ताकाबरोबर लोहाची गोळी

शाळेतल्या सगळ्यात वेगवान मुलीला मी दोन महिने लोहाची गोळी घट्ट ताकाबरोबर दिली. रोज, मैदानावर, माझ्या डोळ्यांदेखत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. खोडदच्या बाजूला एका शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो. ही पोर नववीतली, तीन हजार मीटर पळायची. दिवाळीनंतर शेवटच्या फेऱ्यांत मागे पडू लागली. मला वाटलं आळस. वर दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. दुसरीत ती मटकन खाली बसली. ओठ पांढरेफटक.

मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, दोन महिन्यांत रक्त भरलं नाही तर जिल्ह्याच्या स्पर्धेत पळायचं नाही.

गोळीनं पोरीला मळमळायचं, पोट गच्च व्हायचं. ती गोळ्या फेकून देईल या धास्तीनं मी त्या माझ्या ताब्यात घेतल्या. पोटाला थंडावा म्हणून घरचं ताक, आणि पोट साफ राहावं म्हणून त्यात दोन चमचे इसबगोल. स्कूटरला किटली अडकवून मी रोज सकाळी हजर.

मग ती डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायची. आतली कड लाल झाली की रक्त भरलं; तिची फिकीच. घरी येऊन मी बायकोची पापणी बघायचो, मग आरशात माझी. आज जरा लाल होती, असं स्वतःला पटवायचो. एकदा पोरीनं विचारलं, "सर, मी पळणार ना?" पळशील की, म्हणालो खरा, पण त्या दिवशी इसबगोलची गरज मलाच होती.

दुसऱ्या तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा जेमतेम हलला होता. गोळी कशी देता, बाईंनी विचारलं. मी कृतीसकट अभिमानानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ताक, दूध, चहा, इसबगोल, यातलं काहीही सोबत घेतलं की लोह अंगी नीट लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्यायची, बाकीचं दोन तासांनी. आणि यंदा पळायचं नाही.

परतताना मी स्कूटर थेट पोरीच्या घराकडं वळवली. तिची आई वावरात कांदे निवडत होती. मी काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं लेकीकडं पाहिलं. बरी व्हईल ना, एवढंच विचारलं. होईल, म्हणालो.

"मग सर, तुमी नुसती शिट्टी वाजवा. पोरीच्या पोटात काय घालायचं ते आमी बघतो."